ज्वालामुखी चालू, सायकली बंद

कटानियाच्या महापौरांचा एक आदेश सायकलवाल्यांनी चौकट करून भिंतीवर लावावा असा आहे. सिसिली बेटावरचं हे शहर एटना ज्वालामुखीच्या पायथ्याशी आहे आणि एटना अधूनमधून शहरावर काळी राख चाळतो. जुलै २०२४मध्ये त्यानं इतकी राख पाडली की विमानतळ बंद करावा लागला, रस्त्यांवर काळ्या रव्याचा थर बसला आणि महापौरांनी फर्मान काढलं : मोटारींना ताशी ३० किलोमीटरची मर्यादा, दुचाक्यांना तात्पुरती बंदी. दुचाक्यांत सायकलही आली. राखेवरून चाक घसरतं, तेव्हा कारण रास्तच. पण ‘आज सायकल का नाही काढली?’ या प्रश्नाला ‘ज्वालामुखी’ असं सरकारी शिक्क्यानिशी उत्तर देता येईल, अशी शहरं जगात फारशी नसावीत. आपल्याकडे बिचाऱ्यांना खड्ड्यांवर भागवावं लागतं.

राख झाडून झाली की त्याच रस्त्यांवरून, त्याच ज्वालामुखीवर, पैसे मोजून सायकलनं चढणारी मंडळी दाखल होतात. त्यांच्यासाठी एक दिवसाच्या मार्गदर्शित सहली असतात. भाड्याची कार्बनची सायकल, हेल्मेट, पुढे गाइड, मागे पाण्याच्या बाटल्या आणि हार मानलेल्यांसाठी व्हॅन. कार्यक्रम छापलेला असतो. साडेआठला प्रस्थान, साडेदहाला निकोलोसी, साडेबाराला रिफुजिओ सापिएन्झा, तीनला जेवण. एटनाला तो कागद कोणी दाखवत नाही.

मे महिन्यातल्या अशाच एका सकाळी पियाझ्झा दुओमो या चौकात चौघं जण जमले होते. एक डच अभियंता. त्याच्या हँडलवरचं यंत्र नाडीपासून चढाच्या टक्केवारीपर्यंत सगळं दाखवत होतं. एक जर्मन दांपत्य; नवरा हलक्या रोड बाइकवर, बायको बॅटरीच्या सायकलवर. आणि मिलानमध्ये नोकरी करणारा, पस्तिशीचा एक नाशिककर, ज्यानं आदल्या रात्री आईला फोन करण्याची चूक केली होती.

“ज्वालामुखी बंद आहे ना रे?”

“अगं, चालूच असतो तो. पण वर, लांब.”

“मग चालू असताना कशाला जातोस? बंद झाल्यावर जा.”

या युक्तिवादात काही खोट काढता येत नाही.

चौकाच्या मधोमध काळ्या लाव्हाच्या दगडातला हत्ती आहे, पाठीवर उंच स्तंभ घेऊन. अठराव्या शतकात वाकारिनी या वास्तुविशारदानं त्याला कारंज्यावर चढवलं. हेलिओदोरस नावाचा मांत्रिक या हत्तीवर बसून कटानियाहून थेट कॉन्स्टँटिनोपलला जात असे, अशी दंतकथा आहे. गाइडनं ती सांगितली तेव्हा सगळे हसले. दोन तासांनंतर, निकोलोसीच्या अलीकडे, हत्तीचा विषय जर्मन गृहस्थांनी स्वतःहून पुन्हा काढला.

चौकातून निघणारी विया एत्नेआ ही सडक सरळ डोंगराकडे तोंड करून जाते. दोन्ही बाजूंना मिठाईची दुकानं, खाली लाव्हाच्या फरशा आणि समोर, आकाशाचा बराच भाग अडवून, धूर सोडणारा एटना. इतकी स्पष्ट सूचना असताना ‘चढ कधी सुरू होणार?’ असं विचारणं खरं तर बरोबर नाही, पण डच अभियंत्यानं विचारलं. त्याच्या देशाच्या मुख्य भूमीवरचं सर्वांत उंच ठिकाण ३२२ मीटरवर आहे. ग्राविना हे उपनगर येईस्तोवर तो आपल्या अख्ख्या देशाच्या वर पोचला होता. त्याच्या यंत्रानं आनंदानं टुंग केलं.

निकोलोसी सुमारे ७०० मीटरवर. तिथून सापिएन्झाचा थांबा १९१० मीटरवर, म्हणजे अठराएक किलोमीटरमध्ये बाराशे मीटरची चढण. सरासरी साडेसहा टक्के. घाटात ‘सरासरी’ हा फार लबाड शब्द आहे. सपाट तुकडा आला की पाय त्याचे आभार मानत नाहीत आणि दहा टक्क्यांचं वळण आलं की मनाला सरासरी आठवत नाही. गाइड मात्र एका लयीत पेडल मारत, मान वळवून गप्पा मारत होता. तो कटानियाचाच, पूर्वी हौशी शर्यती केलेला. “पियानो, पियानो,” तो म्हणायचा. सावकाश. हे सांगायची कोणालाच गरज नव्हती.

निकोलोसीच्या वर मोंती रोस्सी हे दोन तांबूस सुळके दिसतात. ११ मार्च १६६९ रोजी या बाजूला जमीन फाटली. लाव्हानं वाटेतली गावं गिळली आणि एप्रिलमध्ये तो कटानियाच्या तटाला जाऊन भिडला. पुढे तो समुद्रात उतरला. किनाऱ्यावर असलेला कास्तेल्लो उर्सिनो हा किल्ला तेव्हापासून समुद्राला दुरावला. पण गाइडचा आवडता भाग वेगळा. त्या वेळी दिएगो पाप्पालार्दो नावाच्या माणसानं पन्नासेक कटानियाकर गोळा केले, अंगावर ओली कातडी पांघरली, हातात लोखंडी पहारी घेतल्या आणि लाव्हाच्या घट्ट झालेल्या कडेला भगदाड पाडलं, म्हणजे प्रवाह दुसरीकडे वळेल. वळलाही. तो पातेर्नो गावाच्या दिशेनं निघाला. मग पातेर्नोचे पाचशे लोक हत्यारं घेऊन आले आणि त्यांनी या अभियंत्यांना पळवून लावलं. भगदाड पुन्हा बुजलं. बांधाला भोक पाडून पाणी शेजाऱ्याच्या शेतात सोडण्याचे खटले ज्यानं नाशिक जिल्ह्यात ऐकले असतील, त्याला हा प्रसंग समजावून सांगावा लागत नाही. फक्त इथं पाणी हजार अंशांचं होतं.

निकोलोसीकरांनी शेजाऱ्यांशी न भांडणारा उपाय शोधला. १८८६मध्ये लाव्हा गावाकडे येऊ लागला तेव्हा आर्चबिशप दुस्मेत यांनी कटानियाहून, त्या शहराची रक्षक मानली जाणाऱ्या संत आगाथाचा पदर मिरवणुकीनं आणला. लाव्हा गावाबाहेर थांबला. गाइड हे सांगताना डोळा मिचकावत नव्हता. कटानियात राहून या विषयावर डोळा मिचकावणं शहाणपणाचं नाही.

झाडी संपली की रस्ता काळ्या रानातून चढतो. दोन्हीकडे गोठलेला लाव्हा, त्यात कुठे उशीसारखे फुगलेले काटेरी झुडपांचे पुंजके, कुठे छपरापर्यंत गाडलं गेलेलं घर. नाशिककर इथं थोडा भाव खाऊ लागला. काळा दगड त्याला नवा नव्हता. ब्रह्मगिरी, अंजनेरी, सगळे किल्ले, सगळी लेणी याच जातीच्या दगडातली. “आमचं अख्खं राज्य लाव्हावर आहे,” त्यानं जर्मन बाईंना सांगितलं. त्यांनी विचारलं, “शेवटचा उद्रेक कधी?” “साडेसहा कोटी वर्षांपूर्वी.” बाईंनी समजूतदारपणे मान हलवली आणि बॅटरी एक घर वाढवून पुढे निघून गेल्या. गाइडनं रस्त्यालगतच्या दगडांकडे बोट दाखवलं : हा २००१चा. त्या वर्षी लाव्हानं हा रस्ता तोडला होता, त्याआधी १९८३मध्येही. नाशिककरानं आजवर वयानं आपल्यापेक्षा लहान डोंगर पाहिला नव्हता.

डच अभियंत्याची अडचण वेगळी होती. त्याच्या नोंदवहीत ‘शिखराची उंची’ असा रकाना होता आणि त्याला एक आकडा हवा होता.

“कुठल्या वर्षाचा देऊ?” गाइड म्हणाला.

१९८१मध्ये ईशान्येचं विवर ३३५० मीटरवर सर्वांत उंच होतं. २०२१मध्ये आग्नेयेच्या विवरानं राख-दगड ओकत ३३५७ गाठले आणि मान पटकावला. २०२४च्या उन्हाळ्यात वोराजिने हे मधलं विवर जागं झालं आणि ३३६९वर गेलं. मध्ये कडा कोसळल्या की आकडा खालीही येतो. अभियंत्यानं रकाना मोकळा सोडला. उंचीच बदलणारा डोंगर त्याला शिस्तभंगाचा प्रकार वाटला असावा.

शर्यतींचे निकालही इथं फार टिकाऊ नसतात. ‘जिरो दि’तालिया’ ही इटलीची मोठी सायकल शर्यत एटनावर पहिल्यांदा १९६७मध्ये संपली. मे २०११मध्ये स्पेनचा अल्बेर्तो कोंतादोर इथं पहिला आला, टीव्हीवर साऱ्या जगानं पाहिला. फेब्रुवारी २०१२मध्ये क्रीडा लवादानं उत्तेजक द्रव्याच्या जुन्या प्रकरणात त्याचे निकाल रद्द केले आणि टप्पा व्हेनेझुएलाच्या होसे रुहानोच्या नावावर गेला. बसल्या जागी, नऊ महिन्यांनी, घाट जिंकलेला हा माणूस. २०२०मध्ये तर एटनाच्या टप्प्याची औपचारिक सुरुवात व्हायच्या आत, ब्रिटनचा गेरेंट थॉमस रस्त्यावर घरंगळत आलेल्या एका पाण्याच्या बाटलीवरून पडला. ओटीपोटाच्या हाडाला फ्रॅक्चर, शर्यत संपली. ज्वालामुखीचा यात काहीही हात नव्हता. ही गोष्ट ऐकल्यावर जर्मन गृहस्थांनी आपली बाटली दोनदा दाबून बसवली.

शेवटच्या चार किलोमीटरांत गाइडचं “आलोच, आता हे काय” सुरू झालं. ट्रेकला नेणारा प्रत्येक माणूस हे वाक्य बोलतो. सह्याद्रीतला मराठीत बोलतो, हा इंग्रजी-इटालियन मिसळून बोलत होता, आणि दोघांच्याही बोलण्यानंतर तास जातो. हवा गार होत गेली. हजार मीटरला साधारण साडेसहा अंश, म्हणजे किनाऱ्यावरच्या पंचविसाचे वर बारा-तेरा होतात. घामानं भिजलेल्या जर्सीत वारा शिरला की छापील कार्यक्रमातलं ‘सोबत जाकीट आणावे’ हे वाक्य अचानक वाचनीय वाटतं. ती सूचना चौघांपैकी एकीनं वाचली होती.

सापिएन्झाला पोचल्यावर ती जाकीट घालून, कॉफी संपवून बसलेली दिसली. बाकीच्यांना आल्यावर पहिलं सत्य कळलं : ज्वालामुखीवर चढलो म्हणजे ज्वालामुखीच्या माथ्यावर पोचलो, असं नाही. इथं वर जाणारा डांबरी रस्ता संपतो. इथून केबल कार, पुढे मोठ्या चाकांच्या बस, त्यापुढे गाइडबरोबर पायपीट. माथा अजून चौदाशेहून जास्त मीटर वर. खाली आहेत आठवणवस्तूंची दुकानं, त्यांत लाव्हाचे छोटे हत्ती आणि पिस्त्याची पेस्ट. पलीकडे १८९२च्या उद्रेकात तयार झालेली सिल्वेस्त्री विवरं आहेत, ज्यांच्या काठावर सायकलच्या बुटांनी जाण्याचा प्रयत्न नाशिककरानं केला. तळाला खटका असलेले हे बूट पेडलवर उत्तम आणि राखेवर निव्वळ थट्टा. प्राचीन ग्रीक तत्त्वज्ञ एम्पेदोक्लीस देवत्व मिळवायला एटनाच्या विवरात उडी मारून गेला आणि डोंगरानं त्याची काशाची वहाण तेवढी बाहेर फेकून दिली, अशी आख्यायिका आहे. भाड्याचे बूट परत करायचे असल्यानं नाशिककर बेताबेतानं माघारी आला.

उतार पूर्वेकडून, झाफेराना एत्नेआच्या दिशेनं. इथं कोणाला इतिहास सांगायला गाइडला उसंत नव्हती. प्रत्येक वळणाच्या कडेला काळी रेती जमलेली आणि सगळ्यांची बोटं ब्रेकवर आखडलेली. थांबल्यावर त्यानं सांगितलं. १९९२मध्ये लाव्हा याच गावावर चालून आला होता. सैन्यानं मातीचे बंधारे घातले, स्फोट केले, अमेरिकन हेलिकॉप्टरांनी लाव्हाच्या बोगद्यात काँक्रीटचे ठोकळे टाकले. एका शेतकऱ्यानं मात्र आपलं घर जाणार हे ओळखून टेबलावर भाकरी आणि वाइन ठेवली. इतक्या लांबून येणारी दमली असेल, म्हणून. एटनाला इथं बाई मानतात. घर गेलं, पण गाव वाचलं. त्याचं श्रेय कोणाचं, यावर गावात अजून मतं मागता येतात आणि दुपार जाते.

झाफेरानाची खासियत ‘सिचिलियाना’, म्हणजे चीज आणि खारवलेले अँकोव्ही मासे भरून तळलेला पिझ्झा. कार्यक्रमात तीनचं जेवण होतं. साडेचार वाजले होते. डच अभियंत्यानं यंत्रात पाहिलं, दिवसभरात किती कॅलरी जळल्या, आणि त्या आकड्याच्या आधारे दोन मागवले. मग आधार न बघता तिसरा.

कटानियात परतल्यावर गाइडनं सगळ्यांना रस्त्यावरच्या एका गोल टपरीशी उभं केलं. अशा टपऱ्या शहरात ठिकठिकाणी आहेत आणि तिथं ‘सेल्त्झ, लिमोने ए साले’ मिळतं. टपरीवाल्यानं लाकडी दांड्याच्या दाबयंत्रात लिंबू दाबलं, वर मीठ घातलं, वरून सोडा सोडला. ग्लास फेसाळून उतू गेला. नाशिककर आ वासून बघत राहिला. एवढ्या लांब येऊन, एवढा घाट चढून, त्याच्या हातात खारा लिंबू सोडा आला होता. त्यानं एका दमात पिऊन खणखणीत ढेकर दिली. टपरीवाल्याच्या चेहऱ्यावर पसंती उमटली.

जर्मन गृहस्थांनी आपल्याला बिनमिठाचा हवा म्हणून सांगितलं. टपरीवाल्यानं ऐकून घेतलं, त्यांच्या जर्सीवर सुकलेल्या घामाच्या पांढऱ्या रेघांकडे पाहिलं आणि चमचाभर मीठ घातलं.