मामांच्या धोतराची नीळ

लग्नाला बारा दिवस झाले आणि लातूरहून मामीचा फोन आला. "काय रं, पोरीची हळद कुठं घालवलास?"

मला वाटलं, हळदीचा डबा सापडत नसेल. आमच्याकडं कुठलंही कार्य झालं की पुढं महिनाभर पातेली, सतरंज्या आणि एखादा दूरचा पाहुणा यांचा शोध चालूच असतो. पण हरवली होती ती फोटोतली हळद. मामेबहिणीच्या हळदीचे चारशे फोटो मी नांदेडात बसून, दोन रात्री जागून, 'सुधारून' पाठवले होते.

"विहीणबाई इचारायल्यात," मामी म्हणाली, "हळद लावलाव होता, का नुसता हात फिरवून उठलाव?"

चूक माझी होती, पण सुरुवात मांडवानं केली. दारापुढं पिवळाजर्द मांडव, वर एप्रिलचं ऊन. त्या कापडातून गाळून जे खाली उतरलं त्यानं फोटोत भात केशरी झाला, वरणाचा आमरस झाला आणि दोन्हीकडची माणसं एकाच घरची दिसू लागली. प्रत्यक्ष मांडवात हे कुणालाच जाणवलं नव्हतं. डोळा समंजस असतो. पिवळ्या उजेडात बसलं की थोड्या वेळात तो मनातल्या मनात पिवळं वजा करतो आणि पांढऱ्या सदऱ्याला पांढराच म्हणतो. कॅमेरा म्हणजे नवा तलाठी. समोर दिसलं तेवढं उताऱ्यावर चढवणार, मागचं-पुढचं विचारायचं नाही.

स्वतःचं डोकं चालवायची एक सोय कॅमेऱ्यात असते, तिला 'ऑटो' म्हणतात. तिची साधी समजूत अशी, की चौकटीतले सगळे रंग एकत्र कालवले तर करडा निघाला पाहिजे. नाही निघाला तर दोष उजेडाचा, आणि मग ती उलटा रंग ओतून हिशेब जुळवते. ही समजूत ज्यानं काढली त्यानं माळेगावची यात्रा पाहिलेली नसणार. खंडोबाच्या नावानं भंडारा उधळला की माणूस, घोडा, गाढव सगळं एका रंगाचं. त्यातून करडं काय निघणार?

मला या ऑटोचा अनुभव २००८ पासून आहे. गुरु-ता-गद्दीच्या त्रिशताब्दीला नांदेडात जग लोटलं होतं. गावात सगळंच नवं होत होतं, म्हणून मीही नवा कॅमेरा घेतला. लातूरची मंडळी दर्शनाला आली. सचखंड गुरुद्वाऱ्याच्या बाहेर अकरा जण, अकरा डोक्यांवर अकरा भगवे रुमाल. कॅमेऱ्यानं एवढं भगवं एकदम पाहिलं आणि घाबरून निळं ओतलं. रुमाल कसेबसे तगले, पण चेहरे असे आले की अकराही जणांना नुकतंच गोदावरीतून बाहेर काढलंय. दाजींनी तो फोटो अजून पाकिटात ठेवलाय. माझ्या फोटोग्राफीचं कुणी कौतुक करायला लागलं की काढतात.

म्हणून या वेळी मी ऑटोवर विसंबलो नाही. शहाणपणा केला. हातानं, मोजूनमापून पिवळं काढलं. मांडवाची झाक गेली आणि तिच्याबरोबर हळदही गेली. मशीनला काय, पिवळं ते पिवळं. एक झाक उपरी, कापडातून आलेली. दुसरी नवरीच्या गालावरची, हक्काची. एरवी हळद उतरवायला न्हाणं लागतं, सवाष्णी लागतात. मी ती माउसनं उतरवली होती.

मग पुस्तकी उपाय काढला. फोटोत जे खरोखर पांढरं असेल त्यावर ड्रॉपर टेकवायचा आणि मशीनला सांगायचं, बाबा रे, हे पांढरं, बाकीचं यावरून लाव. पांढरं शोधायला लांब जावं लागलं नाही. हळदीच्या प्रत्येक फोटोत कुठल्या ना कुठल्या कोपऱ्यात मामा होते, आणि मामा म्हटलं की त्यांचं धोतर आलंच. त्या धोतराच्या पांढरेपणावर भावकीत कुणी बोट ठेवलेलं नाही. मी ड्रॉपर ठेवला. धोतर दुधासारखं झालं आणि बाकी सगळं वऱ्हाड काविळीनं पिवळं.

मशीन बिघडलं म्हणून ते दोनदा बंद-चालू केलं. मग डोक्यात उजेड पडला. धोतर पांढरं नव्हतंच. निळं होतं.

याला लातूरचं पाणी जबाबदार आहे. बोअरचं पाणी जड, आणि २०१६च्या उन्हाळ्यात तर तेही आटलं. एप्रिलात मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. पहिल्या गाडीला दहा वाघिणी, पाच लाख लिटर. सगळ्या देशानं ती गाडी टीव्हीवर पाहिली. मामीनं मात्र धोतराकडं पाहिलं. कुठल्या कुठल्या टँकरच्या पाण्यात निघालेली ती धोतरं चहाच्या फडक्यासारखी दिसायला लागली होती. तिनं निळीचे थेंब वाढवले. पुढं पाऊस झाला, नळाला पाणी आलं, थेंब काही कमी झाले नाहीत. थोडक्यात, अख्ख्या वऱ्हाडात एकटे मामाच असे होते ज्यांना आधीच दुरुस्त करून ठेवलं होतं, आणि मी त्यांच्यावरून बाकीच्यांना दुरुस्त करायला निघालो होतो.

पुढच्या कार्याला तरी खरं पांढरं जवळ असावं म्हणून लातूरला गेल्यावर गंजगोलाईत कापड बघितलं. फैयाजुद्दीन यांनी आखलेली ही बाजारपेठ. मधोमध देवीचं देऊळ, भोवती गोल इमारत आणि तिला येऊन मिळणारे सोळा रस्ते. एका दुकानात शिरून म्हणालो, "दोन मीटर पांढरं द्या."

"पांढऱ्यात कोणतं?"

"पांढऱ्यात पांढरं."

"तसं नसतंय, मालक. दुधी हाय, मोतिया हाय, हाफ व्हाइट हाय, टेरिकॉटमंदी चमकी हाय, अन् मयतीचं हाय."

मी एकेक ठाण दारात नेऊन उन्हात धरलं. शेवटचंच सगळ्यात सरळ वाटलं. तेच द्या म्हणालो. त्यानं आदरानं मान खाली घालून गज उचलला आणि हळू आवाजात विचारलं, "घरातलंच कुणी?"

"नाही हो, लग्नाच्या फोटोला पाहिजे."

त्यानं गज खाली ठेवला. ते कापड त्यानं मला दिलं नाही ते नाहीच.

शेवटी करड्या रंगाचा तयार पुठ्ठा मागवला. पडलेल्या उजेडातला अठरा टक्के उजेड परत करणारा, कुठल्याही रंगाकडं न झुकणारा, असा आमच्या नात्यात दुसरा कुणी नाही. तो चेहऱ्याजवळ धरून आधी एक फोटो काढायचा, म्हणजे पुढच्या सगळ्या फोटोंचे रंग त्यावरून लावता येतात. मांडवपरतणीला मी तो आजीच्या हातात दिला.

"हे कशाला रं?"

"तुझा रंग बरोबर कळावा म्हणून."

"पंचेचाळीस वर्सं झाली तुला. आनीक कळला न्हाई व्हय?"

एकेक जण पुठ्ठा छातीशी धरून भिंतीला पाठ लावून उभा राहायला लागला. चौथ्या माणसापर्यंत ते फोटो लग्नाचे न राहता पोलीस ठाण्याच्या नोंदीतले दिसू लागले. दाजी म्हणाले, "कलम बी लिही की त्यावर."

पण पुठ्ठ्यानं सुटावी अशी ही अडचणच नाही. लोकांना रंग बरोबर नको असतो, उजळ हवा असतो. आमच्याकडच्या बायोडाट्यात वर्णाचा रकाना बघा: गोरा, निमगोरा, गव्हाळ. सावळा लिहिलेला बायोडाटा माझ्या हातात अजून पडलेला नाही. सगळा मुलूख ज्वारीचा आणि माणसं तेवढी गव्हाळ! अर्थात हे खूळ आपलं एकट्याचं नाही. अमेरिकेत कोडॅक कंपनी १९५०च्या दशकापासून छपाईचे रंग तपासायला लॅबना एका गोऱ्या बाईचा फोटो पुरवायची. शर्ली नावाच्या तिथल्याच कर्मचारी बाईवरून त्याला 'शर्ली कार्ड' म्हणत. शर्ली बरोबर आली की छपाई बरोबर. गडद रंग फिल्मवर धड उठत नाहीत, ही तक्रार चॉकलेटवाल्यांनी आणि लाकडी फर्निचरवाल्यांनी केली, तेव्हा कंपनीनं ती मनावर घेतली म्हणतात. म्हणजे सागवानी कपाटाला न्याय आधी मिळाला, आमच्या दाजींना नंतर.

तर हळदीचे चारशे फोटो तसेच पडले होते. लॅपटॉप घेऊन लातूरला मामीसमोरच बसलो. तिनं चष्मा लावला.

"ही साडेपाच हजार कसली रं? किंमत हाय का?"

"उजेडाचं माप आहे, मामी. केल्विन. दुपारचं ऊन साडेपाच हजार. पिवळा बल्ब तीन हजाराच्या आत. लोखंड तापवलं की आधी लाल होतं, मग पिवळं, मग पांढरं, तसं. जितकं जास्त तापेल तितकं निळ्याकडं."

"अन् तुमी पिवळ्यालाच गरम रंग म्हनताव?"

"हो."

"बरं," मामी म्हणाली. शिकलेल्या माणसांशी ती वाद घालत नाही.

मी पट्टी सरकवून दाखवली. "हे बघा. फोटो पिवळा पडलाय ना, मग इकडून निळं घालायचं. पिवळ्यात निळं पडलं की ते मरतं, पांढरं पांढरं दिसतं."

मामी पट्टीकडं पाहत राहिली. "म्हंजे नीळच की."

मी काही बोललो नाही. या विषयावर मी साडेतीन हजारांचा ऑनलाइन कोर्स केलेला आहे.

"मग पोरीच्या गालाला कशापायी घातलास? नीळ धोतराला. धोतरासंगं मानूस बुडवतंय का कुनी?"

कोर्समध्ये हा धडा अकरावा होता. चेहरा वेगळा राखून बाकीच्या भागाला रंग लावायचा. त्याला मास्किंग म्हणतात. मी नवरीचा चेहरा आणि हात कडेकडेनं आखून बाजूला ठेवले. मामीनं खुर्ची जवळ ओढली, पदर खोचला आणि पट्टीवर नजर लावून बसली.

"घाल. मांडवाला घाल. आनीक एक थेंब. मामाला नगं, त्यायला घातलेली हाय." पट्टी पुढं सरकली. भात पांढरा झाला, वरण वरण झालं, आणि मधोमध पोरीच्या गालावर हळद जशीच्या तशी. माझा हात सवयीनं अजून पुढं जायला लागला तसा तिनं मनगट धरलं.

"आता नगं, डाग पडतील. बस्स. घाल वाळत."