पंचविशीचे मास्टर, पन्नाशीचे वेडे

पूर्णगडला मुचकुंदी समुद्राला मिळते. किल्ल्यावर उभं राहिलं की एकीकडे खाडी, दुसरीकडे दर्या. आता या गावातल्या पन्नाशीच्या एखाद्या गृहस्थाने जाहीर करून बघावं, की मी पोहण्याच्या स्पर्धेत उतरतोय.

संध्याकाळपर्यंत घरी माणसं येतील. "वहिनी, दादांची तब्येत बरी आहे ना?"

त्याच वयाचा माणूस पहाटे होडी ढकलतो, छातीभर पाण्यात उभा राहून जाळं ओढतो, तेव्हा कुणी चौकशीला येत नाही. पोटासाठी पाण्यात गेला तर कष्टाळू. हौसेसाठी गेला तर डोकं फिरलं.

जगात या डोकं फिरलेल्यांची रीतसर जमात आहे. मास्टर्स स्विमिंग म्हणतात तिला. पंचविशी गाठली की तुम्ही मास्टर. मग दर पाच वर्षांनी नवा गट. २५ ते २९, ३० ते ३४, असं करत थेट शंभरीपर्यंत. म्हणजे ५९ वर्षांचे असाल तर गटात सगळ्यांत म्हातारे, आणि साठी लागली की त्याच पाण्यात तुम्ही गटातले तरुण. वय धरतात ते त्या वर्षाच्या ३१ डिसेंबरचं, त्यामुळे वाढदिवस लांब आहे ही सबबही चालत नाही.

जागतिक स्पर्धा १९८६ मध्ये टोकियोला सुरू झाली. जपानच्याच मिएको नागाओका यांनी ऐंशीच्या घरात पोहायला सुरुवात केली. कारण काय, तर गुडघा. आणि २०१५ मध्ये, वयाच्या शंभराव्या वर्षी, १५०० मीटर पोहून दाखवलं. सव्वा तास लागला. शंभर वर्षांच्या बाईंना आणखी कसली घाई असणार?

आपल्याकडे गुडघ्यावर पहिला सल्ला असतो, जिना चढू नका. दुसरा, वाटी बदलून घ्या. पोहा असं सांगणारा भेटलाच, तर त्याला विचारतात, तुम्ही डॉक्टर का?

तसं आपण पोहणं शिकवतो. लहानपणी पाठीला डबा बांधून विहिरीत ढकलतो. बुडू नये एवढं आलं की शिक्षण पूर्ण. त्यातून कुणी शर्यतीपर्यंत गेलाच, तर डोळा दहावीच्या सवलतीच्या गुणांवर. पुढे सरकारी नोकरीतलं खेळाडूंचं पाच टक्के आरक्षण. गुण मिळाले, नोकरी लागली, आता पाण्यात कशाला जायचं?

नोकरी लागूनही पाण्यात गेलेला एक कोल्हापूरकर आहे. वीरधवल खाडे. बीजिंग ऑलिंपिकला गेला, आशियाई पदक आणलं, राज्याने तहसीलदार केलं. मग फायलींतून डोकं वर काढून २०१८ च्या आशियाई स्पर्धेत पुन्हा उतरला आणि ५० मीटरमध्ये कांस्यपदक हुकलं. किती फरकाने? सेकंदाचा शंभरावा भाग.

तहसील कार्यालयात एवढ्या वेळात माणूस मानसुद्धा वर करत नाही.

असो. पैशाचं बोलू. मास्टर्सचा मामला बहुतेक खिशातून. प्रवेश फी स्वतःची, गाडीभाडं स्वतःचं, लॉजही स्वतःचं. मग माणूस प्रायोजक शोधायला निघतो. आणि इथे खरी गंमत सुरू होते.

कोकणात प्रायोजक नाहीत असं कोण म्हणतो? रात्रीच्या अंडरआर्म क्रिकेटचं मैदान बघा. हॅलोजनचा उजेड, कॉमेंट्रीवाल्याचा घसा बसलेला, पहिलं बक्षीस रोख, मालिकावीराला सायकल किंवा फ्रीज. चषकाला भाईंचं नाव, चौकाराला दादांचं, पाण्याच्या बाटल्यांना माजी सरपंचांचं. आणि चाळिशीपुढच्यांच्या क्रिकेट स्पर्धाही जोरात चालतात बरं का! पोट सावरत धाव घेणाऱ्या काकांना जर्सी मिळते, मागे नावसुद्धा छापून.

मग पोहणाऱ्या काकांनी काय पाप केलं?

त्यांनी अंगावर जर्सी घातली नाही, हे पाप केलं. प्रायोजकाला छापायला जागाच नाही. पुरुषाचा पोशाख बेंबीपासून गुडघ्यापर्यंत, त्यावरच्या जाहिरातीचं माप चौरस सेंटिमीटरमध्ये ठरवलेलं, आणि शर्यतभर तीही पाण्याखाली. वर दिसतं एक टोपीचं बोंडुक आणि आळीपाळीने दोन हात. शिवाय क्रिकेटमध्ये भाई पहिला चेंडू खेळून फोटो काढतात. इथे उद्घाटनाला पाण्यात उतरावं लागेल.

कंपन्यांकडे जावं? कायद्याने ठरावीक नफ्याच्या कंपन्यांना नफ्याचे दोन टक्के समाजकार्यावर खर्चावे लागतात. यादीत खेळही आहेत: ग्रामीण खेळ, राष्ट्रीय मान्यतेचे, ऑलिंपिकचे आणि पॅरालिंपिकचे, यांचं प्रशिक्षण. पोहणं ऑलिंपिकमध्ये आहे की! पण तिथला साहेब तरुण मुलांचे फोटो मागतो. पन्नाशीतलं टक्कल अहवालाच्या मुखपृष्ठावर शोभत नाही. आणि आपल्या मालाच्या जाहिरातीसाठी दिलेली स्पॉन्सरशिप त्या दोन टक्क्यांत धरत नाहीत, असा नियमच आहे. म्हणजे नाव झळकवायचं तर पैसा समाजकार्याचा नाही, आणि समाजकार्याचा असेल तर नाव झळकवायचं कशाला?

पूर्वी काय सोनं उधळत होते? मिहीर सेन १९६६ मध्ये पाल्कची सामुद्रधुनी पोहले. वय ३५, धंदा वकिली. सोबत नौदल हवं होतं, त्याचे पंचेचाळीस हजार रुपये भरायचे होते. काही रक्कम कलकत्त्याच्या 'स्टेट्समन'सारख्या प्रायोजकांनी उभी केली, बाकीची पंतप्रधान इंदिरा गांधींनी दिली. सरकारच्या नौदलाचे पैसे सरकारच्याच प्रमुखाने भरले. पंचवीस तास छत्तीस मिनिटांचं पोहणं त्यापुढे सोपं गेलं असेल.

आणि आपले मुरलीकांत पेटकर. सांगली जिल्ह्यातले. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागल्या, पाय लुळे पडले, उपचार म्हणून पाण्यात उतरले. १९७२ मध्ये हायडेलबर्गच्या पॅरालिंपिकमध्ये ५० मीटर फ्रीस्टाइलचं सुवर्ण. तेव्हा वय सत्तावीस, म्हणजे वयाच्या हिशेबाने तेही मास्टरच. जाण्याच्या खर्चाला हात कुणी दिला? विजय मर्चंट यांनी. पोहणाऱ्याला शेवटी तारलं ते क्रिकेटवाल्यानेच!

सरकारनेही दखल घेतली. पद्मश्री दिली. २०१८ साली. सेकंदांचे शतांश मोजणाऱ्या खेळाला शेहेचाळीस वर्षांची पोच.

शेजारच्या जिल्ह्यातल्या मालवणात, चिवला किनाऱ्यावर, दरवर्षी समुद्रात पोहण्याची स्पर्धा भरते. चिमुरड्यांपासून आजोबांपर्यंत सगळे. पुणे-मुंबईची मंडळी काखेत व्हॅसलिन चोपडून, चष्मे थुंकी लावून पुसून रांगेत उभी राहतात. म्हणजे गिऱ्हाईक आहे, लॉजवाल्यांना विचारा. मुचकुंदीच्या मुखाशी काय कमी आहे? मान्य, खाडीच्या तोंडाशी ओहोटीची ओढ वाईट, तिथे हौस चालत नाही. पण भरती-ओहोटीच्या वेळा गावातल्या पोराटोरांना पाठ. लागतात दोन होड्या, त्यांचं डिझेल, एक शिट्टी आणि पाण्याकडे बघत बसणारा, मोबाइल नसलेला एक माणूस.

शेवटची अट जरा अवघड आहे.

तलावात जाऊन सराव करायचा तर रत्नागिरी गाठा. खाडीत पोहलेल्या माणसाला तिथे वेगळीच अडचण. थोडं पोहलं की भिंत येते. आयुष्यात कधी पाण्यात भिंत बघितली नाही, वळायचं कसं? तिथे कोलांटी मारून भिंतीला लाथ घालायची असते. हे शिकवायला कोच, कोचला पैसे, पैशाला प्रायोजक. आलो परत भाईंच्या दारात.

तरी एक प्रकार पूर्णगडकरांनी जरूर बघावा. मास्टर्सची रिले. तिथे चौघांच्या वयाची बेरीज करून गट ठरतो. २४० ते २७९ असाही गट आहे. साठीचे चार जण, की झाला संघ. पेन्शन घेऊन गावी परतलेले चार सख्खे-चुलत भाऊ कुठल्या वाडीत नाहीत? सातबाऱ्यावर चौघांची नावं आधीच एकाखाली एक लागलेली आहेत, फॉर्मवर फक्त उतरवून घ्यायची. पहिला कोण पोहणार यावरून वाद होईल, तो होऊ द्या. आयोजकांनी एवढंच बघावं, की स्पर्धेच्या दिवशी त्याच चौघांची रत्नागिरीच्या कोर्टात तारीख नाही.