श्रीमान ६०० एमएम यांस खुले पत्र

प्रति,
श्रीमान ६०० एमएम एफ ४,
मुक्काम : ट्रायपॉड, सावित्रीचा काठ, महाड.

स. न. वि. वि.

आपली किंमत दहा लाखांच्या पुढे आणि वजन तीन किलोंच्या आसपास. काठावर आपली स्थापना झाली की बघे मगर सोडून आपल्यालाच बघतात. मालकांचा ऊर भरून येतो. हप्ते अजून फिटायचे आहेत, तो भाग वेगळा.

थंडीत सावित्रीतल्या मगरी सकाळचं ऊन खायला काठावर येतात. अंग तापलं की जबडा उघडा टाकून पडून राहतात. ज्याला हे ठाऊक आहे, तो मगरीच्या आधी येतो आणि सूर्य पाठीशी घेऊन गप्प बसतो. आपले मालक नाश्ता करून अकराला उगवतात. तोवर काठावरची हवा तापून थरथरायला लागलेली असते. त्या हवेतून आलेली मगर कोणतीही काच धड करू शकत नाही. आपण तर ती थरथरही मोठी करून दाखवता.

आता आपल्या बाजूचंही सांगायला हवं. मगर दूर, मध्ये पाणी. जवळ जाणं जिवावरचं, शिवाय तिला उगाच त्रास. अशा वेळी १८-५५च्या किट लेन्समध्ये ती ओंडक्याएवढीसुद्धा दिसत नाही, मग हात कितीही तयार असो. तिथे आपला मान निर्विवाद.

पण महाशिवरात्रीनंतर महाडच्या वीरेश्वराच्या छबिन्याला आपण कुठे असता? रात्रीची वेळ, खालूबाजा, गुलाल आणि माणसाला माणूस खेटलेला. तिथे कोपऱ्यातल्या पोराच्या कॅमेऱ्यावर ५० एमएम एफ १.८ असते. किंमत वीस हजारांच्या आत. आणि गणितच करायचं तर आपल्यापेक्षा जवळजवळ पाचपट उजेड आत घेणारी. ते पोर सासणकाठीच्या शेंड्याकडे बघतच नाही. काठी तोलणाऱ्याच्या मानेच्या शिरा कधी ताणतात, यावर त्याचा डोळा. बाजाची लय त्याला लहानपणापासून पाठ, त्यामुळे काठी कधी झुकणार ते त्याला आधीच कळतं. हे ज्ञान कोणत्याही दुकानात हप्त्यावर मिळत नाही.

मुंबईचे नारायण विनायक विरकर १९१९च्या हत्याकांडानंतर जालियनवाला बागेत कॅमेरा घेऊन गेले. ऑटोफोकस नाही, स्टॅबिलायझर नाही. त्यांच्या फोटोत गोळ्यांच्या खुणांशेजारी माणसं उभी दिसतात, म्हणून गोळ्या भिंतीवर किती उंचीला लागल्या ते आजही कळतं. भिंतीशी माणूस हवा, हे त्यांना कोणत्या लेन्सने सुचवलं, तेवढं सवडीने कळवावं.

पोलादपूरहून महाबळेश्वरला चढणाऱ्या आंबेनळी घाटात तर आपण जाऊच नये. पावसाळ्यात लांबच्या कड्यावर रोखलंत की मधलं सगळं धुकं फोटोत येतं. जवळच्या ओल्या दगडासमोर बसणारा मोबाइलवाला तिथे आपल्याला सहज हरवतो.

(लग्नाच्या बैठकीत ‘फोटोग्राफरकडे लेन्स कुठली?’ असं विचारणारे वरपक्षाचे काका आपलेच भक्त. आधीच्या लग्नाचा अल्बम मात्र ते उघडूनही बघत नाहीत.)

शेवटी एक काळजीची गोष्ट. आपल्या घराण्याचा खरा वैरी मगर नव्हे, बुरशी. कोकणातल्या दमट हवेत कॅमेऱ्याची बॅग महिनाभर बंद राहिली की काचेवर कोळिष्टकासारखे धागे धरतात, आणि फार दिवस तसेच राहिले तर काचेवरचं कोटिंगही खातात. बुरशी बिल बघत नाही; दहा लाखांची काच आणि दहा हजारांची काच तिला सारखीच. म्हणून विनंती, जूनच्या आत मालकांना सांगून हवाबंद डबा आणि सिलिका जेलच्या पुड्या आणवून घ्याव्यात. पुड्या ओलावल्या की तापवून पुन्हा वापरता येतात, त्यासाठी वेगळा हप्ता पडत नाही.

कळावे, लोभ असावा.

महाड-पोलादपूरच्या किट लेन्सवाल्यांतर्फे