थर, छकडा आणि पाच टक्के

खेळाडू तयार व्हायला दहा-बारा वर्षे लागतात, असा महाराष्ट्रात एक जुना गैरसमज होता. पहाटे उठायचे, तालमीत नाहीतर मैदानावर राबायचे, गुडघा फोडून घ्यायचा, जिल्हा, विभाग, राज्य अशा पायऱ्या चढायच्या आणि मग कुठे एक प्रमाणपत्र हाती पडायचे. 18 ऑगस्ट 2022 रोजी विधानसभेत तो गैरसमज दूर झाला. तत्कालीन मुख्यमंत्री एकनाथ शिंदे यांनी दहीहंडीला खेळाचा दर्जा जाहीर केला. गोविंदांना सरकारी नोकऱ्यांतल्या पाच टक्के क्रीडा आरक्षणाचा लाभ मिळेल, असेही सांगितले. दुसऱ्या दिवशी दहीहंडी होती आणि नाक्यानाक्यावर नेत्यांच्या हंड्या बांधून तयार होत्या. हजारो तरुण रात्री गोविंदा म्हणून झोपले आणि सकाळी खेळाडू म्हणून उठले. मैदाने, प्रशिक्षक आणि डॉक्टर मात्र आदल्या रात्री होते तेवढेच राहिले.

खरे तर हे बारसे दुसऱ्यांदा झाले. 2014 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने हंडीची उंची 20 फुटांवर आणली आणि 18 वर्षांखालच्या मुलांना थरावर चढवायला मनाई केली. उत्सवाला न्यायालय आडवे येते, पण खेळाला कोण अडवणार, असा विचार कुणीतरी केला असावा. 2015 च्या ऑगस्टमध्ये दहीहंडी ‘साहसी खेळ’ झाली. 2016 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने 20 फुटांची मर्यादा कायम ठेवली. 2017 मध्ये उच्च न्यायालयाने उंचीचा प्रश्न राज्यावर सोडला, 14 वर्षांखालचे मूल थरावर नको एवढे मात्र बजावले. राज्यावर सोडल्यावर उंची कुठल्या दिशेने जाणार, हे सांगायला ज्योतिषी लागत नाही.

2022 च्या घोषणेने धडकी भरली ती स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासिकांत. तिथल्या पोरांनी भारताची राज्यघटना पाठ केली होती, पण हंडी फोडायचा सराव कुणीच केला नव्हता. त्यांनी निषेध केला तो रास्तच होता. कारण प्रश्न अनेक होते. पाचव्या थरावरचा उमेदवार जिल्हास्तर धरायचा की राज्यस्तर? सर्वांत उंच जातो तो एक्का, पण सगळ्यांचे ओझे पेलतो तो तळाचा थर. मग जास्त गुण कुणाला? प्रतिस्पर्धी कोण, मडके की शेजारच्या गल्लीतले पथक? आणि थर कोसळला तर सहभागाचे प्रमाणपत्र मिळणार की वैद्यकीय? विरोधी बाकांवरूनही या निर्णयावर सडकून टीका झाली. टीका करणाऱ्यांतले बरेच जण पुढच्याच वर्षी सत्तेत जाऊन बसले. प्रश्न तेवढे विरोधी बाकांवर राहिले.

पण एकट्या सरकारला दोष देऊन भागणार नाही. खेळ कशाला म्हणायचे, हे जगालाही नीट ठरवता आलेले नाही.

घाम ही कसोटी धरली तर पहिली अडचण कोल्हापूरची. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये 50 मीटर रायफल थ्री पोझिशन प्रकारात कांस्यपदक जिंकले. 1952 मध्ये हेलसिंकीला खाशाबा जाधवांनी मिळवलेल्या कांस्यपदकानंतर महाराष्ट्राच्या खेळाडूचे हे पहिलेच वैयक्तिक ऑलिंपिक पदक. मधली 72 वर्षे आपण स्वागत समित्या नेमण्याचा सराव करत होतो. खाशाबांनी समोरच्याला उचलून आपटून पदक मिळवले आणि स्वप्नीलने जागचे न हलता. शरीर जितके निश्चल, तितके गुण जास्त. घाम हीच कसोटी असती तर सगळी पदके बाजार समितीतल्या माथाडी कामगारांच्या घरी दिसली असती आणि नागपूरच्या दिव्या देशमुखने 2025 मध्ये जिंकलेला बुद्धिबळाचा महिला विश्वचषक बैठ्या कामात जमा झाला असता.

ब्रिजची कथा तर आणखी मजेची. इंग्लंडमधल्या ब्रिज संघटनेने ब्रिजला खेळ म्हणा, म्हणून तिथल्या उच्च न्यायालयात धाव घेतली. 2015 मध्ये निकाल विरोधात गेला. 2017 मध्ये युरोपीय न्यायालयानेही सांगितले की ज्यात शारीरिक हालचाल नगण्य आहे, तो करसवलतीपुरता तरी खेळ नव्हे. पुढच्याच वर्षी जकार्ताच्या आशियाई स्पर्धेत ब्रिज आला आणि भारताच्या प्रणव बर्धन आणि शिवनाथ सरकार या जोडीने सुवर्णपदक मिळवले. बर्धन तेव्हा 60 वर्षांचे होते, सरकार 56 चे. लंडनमध्ये जो पत्त्यांचा डाव, त्यावर जकार्तात राष्ट्रगीत वाजले. यातला बारकावा लक्षात ठेवण्यासारखा आहे. लंडनचा खटला अनुदानाच्या वाटेवरचा होता आणि युरोपातला करमाफीचा. खेळाच्या व्याख्येवर न्यायालयात कोणी भांडताना दिसला की आधी त्याच्या वहीतला जमाखर्च बघावा.

ऑलिंपिकनेही आपली हौस भागवून घेतली आहे. 1912 ते 1948 या काळात तिथे चित्रकला, शिल्प, साहित्य, संगीत आणि वास्तुकला यांचीही पदके होती. 1948 मध्ये लंडनला जॉन कॉप्ली यांनी कोरीवकामात रौप्यपदक मिळवले तेव्हा ते 73 वर्षांचे होते. ऑलिंपिकचा सर्वांत वयस्कर पदकविजेता हा असा बसून कोरणारा निघाला. ही परंपरा टिकली असती तर आपल्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदाची निवडणूक केव्हाच कुस्तीच्या शेजारी जाऊन बसली असती. नाहीतरी आखाडा आहेच.

जगाला जमले नाही ते महाराष्ट्राने मात्र जमवले आहे. आपल्याकडे खेळाची कसोटी पक्की आहे. त्यासाठी लागते एक संघटना, तिचे लेटरहेड आणि लेटरहेडवर अध्यक्ष म्हणून आमदार किंवा आमदार होऊ इच्छिणारे गृहस्थ. खेळणारे नंतर गोळा करता येतात. संघटना एक असेल तर खेळ नवा आहे असे समजावे. दोन झाल्या म्हणजे तो रुजला. कुस्ती याच न्यायाने आपला सर्वांत रुजलेला खेळ. 2023 च्या नोव्हेंबरात एक महाराष्ट्र केसरी धाराशिवला झाला आणि एक पुण्याजवळच्या फुलगावला. 2025 मध्येही अहिल्यानगरला एक आणि कर्जतला एक. राज्य एक, गदा दोन. पूर्वी प्रश्न असायचा की यंदा केसरी कोण. आता विचारावे लागते, कुठल्या गटाचा?

संघटनेनंतर येते प्रमाणपत्र. दहावी-बारावीचे सवलतीचे गुण त्यावर आणि नोकरीतले पाच टक्केही त्यावरच. साहजिकच मैदानापेक्षा प्रमाणपत्रावर मेहनत करणारी एक पिढी तयार झाली. बोगस क्रीडा प्रमाणपत्रांवर सरकारी नोकरी मिळवल्याची प्रकरणे राज्यात उघडकीस आली, चौकश्या झाल्या, लोक घरी गेले. कधी न मारलेल्या उडीचे प्रमाणपत्र पडताळणीच्या तीन टेबलांवरून सहीसलामत पलीकडे नेणे, ही अडथळ्यांची शर्यतच आहे. तिचे पदक कुणी ठेवलेले नाही, हा त्या गुणी लोकांवर अन्याय म्हणावा लागेल.

आता बैल. दर्जाच्या वादात या प्राण्याची जेवढी परवड झाली, तेवढी कुठल्याही खेळाडूची झाली नसेल. 2011 मध्ये केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाने प्रदर्शनासाठी वापरायला बंदी असलेल्या प्राण्यांच्या यादीत अस्वल, माकड, वाघ, बिबळ्या आणि सिंह यांच्या पंगतीत बैलाला बसवले. 2014 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शर्यती बंद केल्या. राज्याने कायदा बदलला आणि बैल हा मुळात पळणारा प्राणी आहे, हे सिद्ध करण्यासाठी तज्ज्ञांचा अहवालही करवून घेतला. ज्यांना पळणाऱ्या बैलामागे एकदा धावावे लागले असेल, त्यांच्याकडून हा अहवाल फुकटात मिळाला असता. डिसेंबर 2021 मध्ये शर्यतींना वाट मोकळी झाली आणि मे 2023 मध्ये घटनापीठाने त्यावर शिक्कामोर्तब केले.

प्रश्न असा की यातला खेळाडू कोण? ऑलिंपिकच्या घोडेस्वारीत पदक स्वाराच्या गळ्यात पडते, घोड्याला थोपटून परत नेतात. आपल्या घाटात मात्र नाव गाजते ते बैलाचे. बारी बसली की ‘घाटाचा राजा’ तोच, ‘हिंदकेसरी’ तोच, फ्लेक्सवर गुलालात न्हालेला तोच. ट्रॅक्टर किंवा जेसीबी तेवढा गाडामालकाच्या नावावर होतो, कारण बैलाकडे आधारकार्ड नसते. कसोटी नीट लावली तर राज्यातला सर्वांत प्रामाणिक खेळाडू हाच निघेल. खुराक मोजून, सराव नेमाने, वयाचा खोटा दाखला नाही, संघटनेच्या निवडणुकीत गट नाही आणि पाच टक्क्यांसाठी अर्जही नाही.

थट्टा इथवर. गोविंदाकडे वळले की थट्टा जरा अडखळते. कारण कुठलीही कसोटी लावा, तो खेळाडू ठरतोच. गुरुपौर्णिमेपासून रोज रात्री, दिवसभराची नोकरी संपवून, त्याचा सराव सुरू होतो. ताकद हवी, तोल हवा, खालच्या माणसावर आणि वरच्या माणसावर सारखाच विश्वास हवा. 2012 मध्ये जोगेश्वरीच्या जय जवान पथकाने ठाण्यात नऊ थर लावले. 43.79 फुटांच्या त्या मनोऱ्याने स्पेनमधला 1981 चा विक्रम मोडला आणि गिनीजमध्ये नोंद झाली. 2025 मध्ये ठाण्यातच कोकण नगर पथकाने दहा थर लावले. त्यासाठी शासन निर्णय लागला नव्हता. निर्णय नसतानाही त्यांनी तेच केले असते, नव्हे करतच होते.

ज्यांचा विक्रम मोडला त्या स्पेनमधल्या कातालोनिया प्रांताकडे पाहण्यासारखे आहे. तिथले मानवी मनोरे 2010 पासून युनेस्कोच्या वारसा यादीत आहेत. तारागोना शहरात दर दोन वर्षांनी त्यांची मोठी स्पर्धा भरते. दहा थर तिथेही लागतात आणि टोकाला तिथेही लहान मूलच चढते. पण त्या मुलाच्या डोक्यावर शिरस्त्राण असते. तळाशी शेकडो माणसे अशी दाटून उभी राहतात की मनोरा कोसळला तर वरून येणारा माणसांवर पडतो, फरशीवर नाही. पथकांचा सराव नेमाने चालतो. आपला मनोरा खेळ आहे की परंपरा, यावर तिथे अधिवेशन भरवावे लागलेले नाही. सरकारी नोकरीत आरक्षणही नाही. तरी मनोरे उभे राहतात.

आपल्याकडे उलटे झाले. नियमावलीत गाद्या आहेत, हेल्मेट आहेत, सुरक्षा पट्टे आहेत. रस्त्यावर बहुतेक ठिकाणी डांबर आहे. 2022 मध्येच मृत्यूला 10 लाख, दोन्ही डोळे किंवा दोन अवयव गेल्यास साडेसात लाख, एक गेल्यास पाच लाख असे मदतीचे दरपत्रक जाहीर झाले. 2025 मध्ये दीड लाख गोविंदांना विम्याचे कवच मिळाले, तेही हंगामापुरते. त्याच वर्षी दहीहंडीच्या दिवशी मुंबई-ठाण्यात तीनशेच्या वर गोविंदा जखमी झाले. त्याच्या काही दिवस आधी दहिसरला सरावात थरावरून पडून 11 वर्षांच्या मुलाचा जीव गेला होता. 14 वर्षांची अट त्या दिवशीही लागू होती. ती तपासायला तिथे कुणी नव्हते.

तेव्हा कसोटी हवीच असेल तर ही घ्या. एखाद्या प्रकारात जिंकणाऱ्याच्या गळ्यात काय पडते, हे पाहून तो खेळ आहे की नाही ते कळत नाही. हरणारा, चुकणारा, पडणारा माणूस कशावर पडतो आणि पडल्यावर त्याच्याकडे कोण धावते, हे पाहिले की कळते. तालमीत हौद्याची माती मऊ करून ठेवलेली असते, जिम्नॅस्टिक्सला मॅट असते, मुष्टियुद्धात पंच झुंज थांबवतो आणि डॉक्टर कोपऱ्यातच बसलेला असतो. गोविंदाने आपले खेळाडूपण केव्हाच सिद्ध केले आहे. दहीहंडी हा खेळ आहे, हे मात्र अजून सरकारनेच सिद्ध करायचे आहे.

ते अवघड नाही. पुढच्या गुरुपौर्णिमेआधी दर वॉर्डात एक प्रशिक्षक नेमा. सरावाच्या जागी गाद्या पोहोचवा. एक्क्याचा जन्मदाखला तपासल्याशिवाय थर लागणार नाही आणि लागला तर आयोजकावर गुन्हा दाखल होईल, मग तो कुठल्याही पक्षाचा असो, असे विधानसभेत जाहीर करा. विमा वर्षभराचा करा. एवढे झाले की पाच टक्क्यांचे काय करायचे, यावर अभ्यासिकेतल्या पोरांशी बसून बोला. ती पोरे समंजस आहेत. त्यांनी राज्यघटना पाठ केली आहे.