वारस फार झाले

(तंजावरहून ओरत्तनाडूकडे जाताना लागणारं एक गाव. अग्रहारातलं जुनं घर. तिण्णैवर, म्हणजे रस्त्याकडच्या ओट्यावर, घरमालक बसले आहेत. पुण्याहून आलेले वारसा-सल्लागार भिंतीला मोजपट्टी लावत आहेत. घरमालकांचं मराठी अस्सल तंजावरी आहे. छपाईसाठी ते पुणेरी करून घेतलं आहे. घरमालकांचा त्याला विरोध आहे.)

सल्लागार : वा! सागवानी खांब, मधोमध उघडा चौक, वर मद्रास टेरेस! राव, घर कसलं, हा ठेवा आहे ठेवा!

घरमालक : डावीकडची तुळई वाळवीनं खाल्लीय. ठेव्यातून तेवढी वजा करून लिहा.

सल्लागार : आपण याला हेरिटेजचा दर्जा मिळवून देऊ. तमिळनाडूत 2012 चा हेरिटेज कमिशन कायदा आहे.

घरमालक : दर्जा मिळाला की काय होतं?

सल्लागार : पाटी लागते.

घरमालक : आणि?

सल्लागार : मग परवानगीशिवाय काही पाडता येत नाही.

घरमालक : इथे पाडतंय कोण? ते आपणहून पडतंय. पडण्याआधी त्यानं कुणाची परवानगी काढायची?

सल्लागार : तसं नव्हे. मुंबईच्या नियमावलीत 1995 पासून श्रेणी आहेत. पहिल्या श्रेणीत आत-बाहेर कुठेच हात लावायचा नाही, अगदी गरज असेल तेवढंच. दुसरीत आतले बदल चालतात. तिसरीत आणखी मोकळीक.

घरमालकीण : (आतून) संडास परसातून घरात आणायचाय. तो कुठल्या श्रेणीत बसतो?

सल्लागार : तिसरीत नक्की. दुसरीत बहुधा. पहिलीत अवघड.

घरमालकीण : म्हणजे जितका मान मोठा, तितका संडास लांब. यांच्या गुडघ्यांना तिसरी श्रेणी द्या.

सल्लागार : वहिनी, पहिल्या श्रेणीची प्रतिष्ठा...

घरमालक : प्रतिष्ठा दारासुरमला माझ्या साडूकडे आहे. ऐरावतेश्वराचं देऊळ 2004 पासून जागतिक वारशात. देवळापासून 100 मीटरांत नवं बांधकाम बंद, त्यापुढे आणखी 200 मीटर परवानगीनं. डागडुजी करायची तरी आधी अर्ज. प्रतिष्ठा देवळाची, अर्ज साडूचा.

सल्लागार : म्हणूनच तर सवलती! मुंबईत हस्तांतरणीय विकास हक्क असतो. टीडीआर. तुमच्या घरावर जे मजले चढले असते पण वारशापायी चढवता येत नाहीत, ते तुम्ही दुसऱ्याला विकायचे. अहमदाबादला पोळांतल्या जुन्या घरांनाही ही सोय आहे.

घरमालक : न बांधलेला मजला विकायचा?

सल्लागार : हो.

घरमालक : माझा मेव्हणा बांधलेलं घर विकायला काढून बसलाय, गिऱ्हाईक फिरकत नाही. न बांधलेलं कोण घेईल?

सल्लागार : बिल्डर घेतो. दुसरीकडे चढवतो.

घरमालक : दुसरीकडे म्हणजे त्या तिकडे? तिकडे कुरुवैचं भात उभं आहे. भातावर मजला चढवणारा बिल्डर अजून कावेरीखोऱ्यात आलेला नाही.

सल्लागार : मग घरपट्टीत सूट! कॅलिफोर्नियात 1972 पासून मिल्स कायदा आहे. मालक घर राखण्याचा करार करतो, त्याबदल्यात मालमत्ता कर कमी होतो.

घरमालक : आमची वर्षाची घरपट्टी हिच्या महिन्याच्या कॉफीपेक्षा कमी आहे. सगळी माफ केलीत तरी एक कौल यायचं नाही.

सल्लागार : अमेरिकेत केंद्र सरकारही जुन्या इमारतीच्या दुरुस्तीखर्चाच्या 20 टक्के करसवलत देतं. फक्त ती इमारत कमाईची हवी. मालक स्वतः राहत असेल तर नाही.

घरमालक : म्हणजे घर राखायचं असेल तर आधी घरातून निघा. आमच्या सहा पुतण्यांना तेवढं जमलंय.

सल्लागार : बरं, लांब कशाला, पुदुच्चेरी बघा. तिथे वैश्याळ रस्त्यावर युरोपीय संघाच्या मदतीनं घरांचे दर्शनी भाग दुरुस्त झाले. थोडं मालकानं घातलं, थोडं प्रकल्पानं.

घरमालक : (सरसावून) हे माणसासारखं बोललात. दर्शनी भाग म्हणजे कुठपर्यंत?

सल्लागार : रस्त्यावरून दिसतं तिथपर्यंत.

घरमालक : वाळवी आतल्या अंगाला आहे. तिला रस्त्यावर बोलवावी लागेल.

सल्लागार : (वर बघून दचकून) राव, मागच्या पडवीवर हा पत्रा?

घरमालक : 2018 च्या नोव्हेंबरात गज वादळ आलं, अर्धगोल कौलं उडाली. तशी कौलं करणारा मिळाला नाही. पत्रा दुसऱ्या दिवशी मिळाला.

सल्लागार : आणि भिंतीला सिमेंट! चुन्याच्या भिंतीला सिमेंट लावलं की आतली ओल आतच कोंडते, मग गिलावा सुटतो.

घरमालक : सुटलाच. तीनदा लावला, तीनदा सुटला. आजोबांच्या वेळी गवंडी चुन्यात हिरड्याचं आणि गुळाचं पाणी घालून तो दिवसेंदिवस मुरवायचे. आताच्या गवंड्याला गूळ दिला तर तो चहात घालेल. तुम्हाला खरंच काही द्यायचं असेल तर पाटी नको. चुना जाणणारा एक गवंडी द्या, त्याच्या हाताखाली गावातली चार पोरं तयार करा, आणि तुळईच्या लाकडाचा निम्मा खर्च उचला.

सल्लागार : अशी योजना... प्रस्तावात घालता येईल.

घरमालक : आणि एकट्या माझ्या घराला दर्जा देऊ नका. इथे सगळी घरं एका ओळीत, भिंतीला भिंत. उजवीकडच्यानं पाडून स्लॅब टाकला, तेव्हापासून त्याच्या गच्चीचं पाणी माझ्या भिंतीत. दर्जा द्यायचा तर रस्त्याला द्या.

सल्लागार : (लिहून घेत) रास्त. पण राव, तुम्हा मंडळींना इतिहासाची जाण आहे. सरफोजीराजांनी भोसल्यांचा इतिहास 1803 मध्ये बृहदीश्वराच्या भिंतीवर कोरून घेतला!

घरमालक : शहाणा राजा. इतिहास आपला, भिंत चोळांची आणि आता डागडुजी केंद्र सरकारची. याहून चांगली सवलत योजना पुढे कुणाला सुचलेली नाही.

सल्लागार : तर मग इथे सही करा. मालकाची संमती.

घरमालक : कुठल्या मालकाची?

सल्लागार : तुमची!

घरमालक : माझा वाटा एकविसावा. पणजोबांच्या नावावरून पट्टा अजून बदललेला नाही. तीन वारस चेन्नईत, चार बंगळुरात, एक सॅन होजेला, दोघं एकमेकांशी बोलत नाहीत, आणि एक सगळ्यांशी बोलतो, म्हणून त्याच्याशी कुणी बोलत नाही.

सल्लागार : सगळ्यांना एकदा बसवून वाटणी करून टाका की!

घरमालक : अहो, इथल्या मराठी राज्याच्या सुरुवातीलाच वाटणीचा वाद झालेला. 1677 मध्ये थोरले महाराज कोळ्ळिडमच्या काठी आले आणि सावत्र भावाकडे, व्यंकोजीराजांकडे, वडिलांच्या जहागिरीतला अर्धा वाटा मागितला. दोघा भावांत मिटेना, तिथे आम्ही एकवीस. शेवटी 1855 मध्ये गादीला पुरुष वारस नाही म्हणून इंग्रजांनी राज्य घेतलं. राज्य वारस नाही म्हणून गेलं, घर वारस फार म्हणून खचतंय.

सल्लागार : म्हणजे दुरुस्ती होणारच नाही?

घरमालक : दुरुस्तीला एकवीस सह्या लागतात, तशा विकायलाही एकवीसच लागतात. उजवीकडच्याला भाऊ नव्हता. त्याचं घर एका दुपारी विकलं गेलं, आठवड्यात पाडलं. आमचं उभं आहे ते चुन्यावर नाही, कोर्टातल्या वाटणीच्या दाव्यावर.

सल्लागार : दावा मिटला तर?

घरमालक : तर घर गेलंच म्हणून समजा. तुमच्या त्या योजनेत वकिलाच्या फीला अनुदान बसतं का, तेवढं बघा.