बिडाचा सांगाडा, कागदाचा टेकू

देवगिरी एक्सप्रेसने सीएसएमटीला उतरलेला परभणीकर काळ्या घोड्याशी पोचला, की ‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ हा अभिमान घटकाभर खिशात ठेवतो. समोर एस्प्लनेड मॅन्शन. मूळचं वॉटसन्स हॉटेल: विलायतेत ओतलेला, मुंबईत जोडलेला बिडाचा सांगाडा. 7 जुलै 1896 रोजी ल्युमिए बंधूंची चित्रं भारतात पहिल्यांदा हलली ती इथेच.

पुढे इमारतच हलू लागली.

हॉटेल मोडलं, खोल्या भाड्याने गेल्या, वकिलांनी कचेऱ्या थाटल्या. 1947 च्या कायद्याने भाडं 1940 च्या पातळीवर गोठवलं. मुंबईत याहून परवडणारी जागा कुठली? फक्त त्या भाड्यात रंगाचा डबाही येईना. 2005 मध्ये सज्जांचा भाग कोसळला. 2019 मध्ये म्हाडाने इमारत रिकामी करवली. आयआयटी मुंबईचा अहवाल म्हणाला पाडा, वारसाप्रेमी म्हणाले वाचवा.

प्रत्येकाच्या बगलेत एकेक फाइल. जुन्या भाडेकरूकडे तेवढी पिवळी पडलेली भाडेपावती, प्लास्टिकच्या पिशवीत दुहेरी घडी घालून ठेवलेली. एवढी देखभाल त्या सांगाड्याच्या वाट्याला कधी आली नाही. वारसा समितीने पहिली श्रेणी त्या पावतीलाच द्यायला हरकत नाही.