एकात्मिक व्यत्यय व्यवस्थापन

मिरचीवर चुरडा-मुरडा आला तर जाफराबाद तालुक्यात सल्ल्याला तोटा नाही. कृषी केंद्राच्या पायरीवर बसलेला कोणीही पान उलटून बघतो, फुलकिडे की पांढरी माशी ते सांगतो आणि औषधाचे नावही देतो. वायफायला चुरडा-मुरडा आला तर मात्र माणूस उघडा पडतो. ही उणीव भरून काढण्यासाठी प्रस्तुत पत्रक काढण्यात येत आहे. ते फक्त सामायिक जोडणीला लागू आहे. सामायिक म्हणजे एकाच्या गच्चीवर डिश, चार घरांत राऊटर आणि साऱ्या गल्लीच्या मोबाईलमध्ये एकच पासवर्ड, जो कोणीच कोणाला सांगितलेला नाही.

लक्षणे: दिवेलागणीला स्क्रीनवर चक्र फिरू लागते आणि जेवणे आटोपेपर्यंत थांबत नाही. पीकविम्याच्या अर्जात सातबारा चढता चढता घसरतो. व्हिडिओ कॉलवरचा पुण्यातला मुलगा तोंड उघडे ठेवून गोठतो आणि आई विचारत राहते, "जेवलास का रे?"

रोग दिसताच गल्लीत संशयितांची यादी तयार होते: ढग, शेजारी, लग्नातला डीजे आणि "वरूनच गेलंय". यांपैकी डीजेला आधीच निर्दोष सोडावे. त्याच्या आवाजाने तावदाने हलतात, रेडिओ लहरी हलत नाहीत. आकडा टाकून त्याने गल्लीचा व्होल्टेज पाडला असेल तर तो गुन्हा निराळा, आणि तपासाची सुरुवात तिथूनच करायची आहे.

हवेला दोष देण्याआधी तार बघावी. शेतीला थ्री फेज लाईट पाळीने मिळते. ती आली की शिवारातले ऑटो बसवलेले पंप एका क्षणी दचकून उठतात. घरांची आणि पंपांची लाईन जिथे अजून एकाच डीपीवर आहे, तिथे त्या क्षणी बल्ब पिवळा पडतो, पंखा कण्हतो आणि राऊटर मान टाकतो. लाईट सावरली की तो पुन्हा जन्म घेतो, पण सगळे दिवे लागून शुद्धीवर यायला त्याला दोन-तीन मिनिटे लागतात. घरात यालाच "नेट सारखं जातंय" म्हणतात. हा केवळ मराठवाड्याचा भोग नाही. बर्कलेच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या संशोधकांनी तामिळनाडूत अरविंद नेत्र रुग्णालयाच्या खेड्यांतल्या केंद्रांसाठी लांब पल्ल्याचे वायफाय उभारले होते. तो अनुभव त्यांनी २००८ साली लिहून काढला, तेव्हा बिघाडाच्या कारणांत खराब वीज ठळकपणे पुढे आली. लहरी बिचाऱ्या इमानाने जात होत्या, अॅडॉप्टर जळत होते.

तेव्हा पहिली मात्रा: राऊटरला लहान बॅटरीचा आधार द्यावा. त्याच्यावरचा विणकामाचा रुमाल काढावा, त्यालाही उकडते. त्याला लोखंडी कपाटावरून आणि धान्याच्या कोठीमागून हलवावे. पत्रा रेडिओ लहरीला परतवून लावतो. पत्र्याच्या घरात राऊटर आणि अंगणात बाजेवर मोबाईल, अशी मांडणी असेल तर दोष ना कंपनीचा, ना शेजाऱ्याचा.

इथे मोबाईलवरचा सिग्नलचा आकडा वाचायला शिकावे. तो उणे असतो, त्याने घाबरू नये. उणे ६० उत्तम, उणे ८० रडतखडत. मधला फरक वीस गुणांचा दिसतो, पण या मापात दर दहाला शक्ती दहापट बदलते. म्हणजे उणे ८० वाल्याच्या पदरात उणे ६० वाल्याच्या शंभरावा हिस्सा पडतो. वाटणीपत्रावर असा हिस्सा आला असता तर प्रकरण भोकरदनच्या कोर्टात गेले असते.

पुढचा संशयित कडुनिंब. नेटवाला पानगळीत येतो, गच्चीवरून टॉवर दिसतो म्हणून खूश होतो, डिश आवळतो आणि जातो. चैत्रात पालवी फुटते, मृगात पाने भिजतात, आणि डिश आंधळी होते. पाण्याने भरलेले ओले पान लहर शोषून घेते. शिवाय डोळ्याला टॉवर दिसला म्हणजे लहरीलाही वाट मिळाली असे नव्हे. लहर सुतळीसारखी जात नाही, मध्यावर ढोलकीसारखी फुगते. टॉवर ५ किलोमीटरवर आणि लहर ५.८ गिगाहर्ट्झची असेल तर अर्ध्या वाटेवर या फुगवट्याची त्रिज्या सुमारे ८ मीटर होते. त्यातला निदान ६० टक्के भाग मोकळा लागतो. वाटेत शेंडा आला तर कुऱ्हाड शोधू नये. डिश चार-पाच फूट वर घ्यावी. पाइप स्वस्त पडतो आणि झाड ज्याचे आहे तो भाऊबंद बोलता राहतो.

म्हैस आडवी आली तरी लहर अडते, कारण तीही बहुतांशी पाणीच. जाफराबादी जातीची असेल तर जास्त अडते. मात्र ती जात गुजरातच्या किनाऱ्यावरच्या जाफराबादची आहे, तेव्हा त्याचे खापर या तालुक्यावर फोडू नये.

झाडाला न जुमानणारी लहर नाही असे नाही. मुंबईच्या आयआयटीने पालघर जिल्ह्यातल्या खामलोळी आणि आसपासच्या गावांत दूरदर्शनच्या रिकाम्या पडलेल्या पट्ट्यातून, म्हणजे ४७० मेगाहर्ट्झच्या वरच्या लहरींवरून, इंटरनेट पोचवून पाहिले. कमी वारंवारितेची लहर पानांतून बरी निभावते, आणि हवेतून टीव्ही दाखवणारे आपल्याकडे एकटे दूरदर्शनच, त्यामुळे जागा भरपूर. या 'ग्राम मार्ग' प्रकल्पाला २०१७ साली मोझिलाच्या स्पर्धेत पहिले बक्षीस मिळाले. तो पट्टा आपल्या गच्चीवर येईपर्यंत पाइप वाढवणे हाच मार्ग.

आता खरा व्यत्यय, म्हणजे इतरांच्या लहरींचा. १९३३ च्या वायरलेस टेलिग्राफी कायद्याने बिनतारी यंत्र बाळगायलाही परवाना लागत असे. वायफायचा २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा २००५ साली ठरावीक ताकदीच्या आत परवानामुक्त झाला. ५ गिगाहर्ट्झमधला मोठा पट्टा घराबाहेरच्या वापरासाठी २०१८ साली खुला झाला. म्हणजे हवेतले गायरानच हे. सातबारा कोणाच्याच नावावर नाही, चरायला सगळ्यांना मोकळीक, आणि कोणी गुरे घुसवली म्हणून तलाठ्याकडे जाण्याची सोय नाही.

इंग्रजी मार्गदर्शिका इथे मायक्रोवेव्ह ओव्हन बंद करायला सांगतात. सल्ला शास्त्रशुद्ध आहे. ओव्हन २.४५ गिगाहर्ट्झवर, म्हणजे वायफायच्याच पट्ट्यात तापतो. ऑस्ट्रेलियातल्या पार्क्सच्या रेडिओ दुर्बिणीवर १९९८ पासून विचित्र लहरी टिपल्या जात होत्या. वेळ संपण्याआधीच ओव्हनचे दार उघडणाऱ्या तिथल्याच मंडळींचा तो प्रताप असल्याचे २०१५ साली सिद्ध झाले. चुलीतून मात्र फक्त धूर निघतो, आणि तो या पट्ट्यात मोडत नाही.

आपल्याला जवळचे उदाहरण वेल्समधल्या अबरहोसन गावाचे. तिथे दीड वर्ष रोज सकाळी ७ वाजता गावाचे इंटरनेट कोलमडायचे. केबल बदलून झाल्या, उपयोग शून्य. २०२० साली अभियंते पहाटेपासून यंत्र घेऊन गल्लोगल्ली फिरले. ठोका पडला आणि यंत्र ओरडले. एका घरातला जुना टीव्ही रोज त्या वेळेला सुरू होत होता आणि विजेचे झटके हवेत फेकत होता. जोडणी तारेची होती, वायफायची नव्हे. पण पद्धत उचलण्यासारखी आहे: आधी वेळ लिहून काढावी, मग दार ठोठावावे. जाफराबादेत क्रम बहुधा उलटा असतो.

आपल्या राज्यातही हे काम पगारी माणसे करतात. जुन्नर तालुक्यातल्या खोडदला ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्यांची जीएमआरटी दुर्बीण आहे. रेडिओचा गोंगाट कमी म्हणून ती जागा निवडली, तरी विजेच्या तारांवरच्या ठिणग्यांचा उपद्रव गाळायला तिथल्या अभियंत्यांना खास यंत्रणा करावी लागली. आकाशगंगेचा आवाज ऐकणाऱ्यांना जे चुकले नाही, ते सातबारा चढवणाऱ्याला कसे चुकेल?

राहिले शेजारी. २.४ च्या पट्ट्यात चॅनेल तेरा दिसतात, पण दोन चॅनेलांत अंतर ५ मेगाहर्ट्झचे आणि एकेकाची रुंदी २० ची. एकमेकांत घुसू नयेत म्हणून सर्रास तीनच वापरतात: १, ६ आणि ११. बीजोत्पादन करणाऱ्या तालुक्याला हे वेगळे शिकवायला नको. मिरचीच्या प्रमाणित बियाण्याला २०० मीटर विलगीकरण अंतर सोडावे लागते, नाहीतर परागाची भेसळ होते. शेतात जो काटेकोरपणे टेप लावून उभा राहतो, तोच घरी राऊटर ४० मेगाहर्ट्झवर टाकून अर्धे गायरान अडवून बसतो.

आणि गल्लीच्या टोकाचा तो एक मोबाईल. दोन भिंती आणि गोठा ओलांडून येणारा त्याचा सिग्नल इतका क्षीण असतो की त्याच्याशी बोलताना राऊटरला चिल्लर मोजत बसावे लागते. एसटीत एक बाई पिशवीतली पुरचुंडी सोडून नाणी मोजते आणि वाहकासह अख्खी गाडी थांबते, तसे. तिला उतरवता येत नाही, पुढे जागा द्यावी. त्या टोकाला एक स्वतंत्र राऊटर तारेने जोडावा.

अंतिम उपाय म्हणून चारही घरांची बैठक ओसरीवर बोलवावी. घाई नको, चहा आधी. पहिल्या तीन घरांनी १, ६, ११ वाटून घ्यावीत. चौथा "मग आमचं काय?" म्हणून उठेल आणि रागाने ३ घेईल. त्याला हात धरून बसवावे. एकाच चॅनेलवरचे दोन राऊटर एकमेकांना ऐकतात आणि पाळी लावून बोलतात, पाणीपाळीसारखे. ३ वाला मात्र १ आणि ६ दोघांच्याही बोलण्यात नुसता गोंगाट घालतो आणि स्वतःचेही धड होऊ देत नाही. म्हणून चौथ्याने सगळ्यात लांबच्या घराचेच चॅनेल घ्यावे. ठराव कागदावर उतरवून राऊटरच्या मागे चिकटवावा. तिथे पासवर्डाची चिठ्ठी आधीपासून असते, तिच्यावर चिकटवू नये.